दिवसाला पन्नास एमबी

माझ्या वडिलांच्या फोनचं नेट गेल्या उन्हाळ्यात महिनाभर दगा देत होतं, आणि तो दगा मीच बसवून ठेवलेला होता.

आम्ही वडिलांना दादा म्हणतो. दादा वीज मंडळात लाइनमन होते. सगळी नोकरी कळवणच्या बाजूला, खांबावर चढण्यात आणि वावरांमधून तारेखालून चालण्यात गेली. आई गेल्यावर वर्षभर ते गावी एकटे राहिले, मग मी त्यांना नाशिकला घेऊन आलो. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. मशीनवरून आलेला माल मापायचा, पास करायचा किंवा रिजेक्टच्या लाल पेटीत टाकायचा, हे माझं काम. बायको एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. आम्हाला मूलबाळ नाही. सिडकोतला आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सकाळी साडेआठला आम्ही दोघं बाहेर पडायचो ते संध्याकाळी सहाला परत यायचो. दिवसभर घरात दादा एकटे.

दादा बोलणाऱ्यांतले नव्हते. माझ्या लहानपणी ते ड्यूटीवरून आले की घरातले आवाज खाली यायचे. कमरेचा सेफ्टी बेल्ट ते खुंटीला टांगायचे, आणि तो हळू टांगला की आदळला, यावरून आम्हा भावंडांना कळायचं, आज त्यांच्या जवळ जायचं की नाही. नाशिकला आल्यावरही जेवताना "मीठ दे" आणि "पुरे" यापलीकडे ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

म्हणून त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा तो टेबलावर पडून राहील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. दोन महिन्यांत दादा नातेवाइकांच्या ग्रुपवर आपल्या आवाजातले निरोप पाठवायला लागले. माझ्या कळवणच्या बहिणीला, भाच्यांना, जुन्या लाइनमनांना व्हिडिओ कॉल करायला लागले. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीतून अहिराणी ऐकू यायची, "कसा शे रे भाऊ? जेवन व्हयनं का?" आणि मग तासभर रंगात येऊन बोलणं चालायचं. कोणाच्या विहिरीवरची मोटार कशी जळाली, कुठल्या वादळात किती खांब आडवे झाले, सगळं. मी दारात उभा राहिलो की ते थांबायचे आणि विचारायचे, "काय पाहिजे?"

मला काही नको असायचं. मी परत हॉलमध्ये येऊन बसायचो आणि बायकोला म्हणायचो, "केवढ्यानं बोलतात."

एप्रिलमध्ये चुलतभावाकडे साखरपुडा होता. बायकांच्या पंगतीत माझ्या आत्यानं सगळ्यांदेखत माझ्या बायकोला विचारलं, "काय गं, म्हाताऱ्याला थर्मासमधला चहा पाजता म्हणे?" चारजणी हसल्या. दादांनी ग्रुपवर आवाजात सांगून ठेवलं होतं, की इथं सकाळचा चहा थर्मासमध्ये असतो, दुपारी तोच प्यायचा, आणि पोळ्या डब्यात झाकलेल्या असतात, आणि दिवसभर बोलायला भिंत आहे. तक्रारीचा सूर नव्हता, हे नंतर मी तो निरोप पुन्हा ऐकला तेव्हा कळलं. हवापाण्याची बातमी द्यावी तसं ते सांगत होते. पण दोन वेळा त्यांच्या हातून गॅस चालू राहिला होता म्हणून आम्हीच त्यांना शेगडीला हात लावू नका असं बजावलं होतं, हे त्यात नव्हतं.

येताना गाडीत बायको रडली. म्हणाली, "त्यांचा तो फोन एकदाचा बंद पडू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांचा फोन उचलला. त्याला कुलूप नव्हतंच. सेटिंगमध्ये गेलो. मोबाइल डेटाच्या पोटात एक पर्याय असतो. दिवसाला किती डेटा वापरायचा याची मर्यादा घालता येते, आणि ती संपली की फोन स्वतःच नेट तोडतो, दुसऱ्या दिवशी आपोआप जोडतो. मी पन्नास एमबी टाकले. पन्नास एमबीत सकाळचे मेसेज येऊन जातात. व्हिडिओ कॉल लावला तर पाच-सात मिनिटांत खेळ खलास. पूर्ण बंद केलं असतं तर त्यांनी लगेच पकडलं असतं. मधूनच तुटणारं नेट कोणाच्याही वाट्याला येतं. बाथरूममधून बादलीचा आवाज येत होता. मी फोन होता तसा, काच खाली करून, ठेवून दिला.

संध्याकाळी घरी आलो तर दादा दारातच उभे. "नेट गेलंय. सकाळी दहाला गेलं. तुझं आहे का?"

"माझं आहे. तुमच्या फोनला रेंज कमी पकडत असेल. बंद करून चालू करा."

त्यांनी बंद करून चालू केला. मग मी त्यांना विमानाचं चित्र असलेलं बटण दाखवलं, ते दाबायचं, दहा आकडे मोजायचे, पुन्हा दाबायचं. ते मोठ्यानं आकडे मोजत बसले. दुसऱ्या दिवशी मी सिम काढून खोडरबरानं घासायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणालो, दुसऱ्या खाचेत घालून बघा. मला हे सगळं येत होतं, आणि एकेक उपाय पुरवून पुरवून देण्यात मला मजा वाटायला लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस संध्याकाळी माझी वाट बघत होता. मी चपला काढायच्या आत विचारत होता, "आता काय करू?"

चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी एक वही काढली. लाइनमनची सवय. कुठल्या फिडरवर, म्हणजे कुठल्या मुख्य लाइनीवर, किती वाजता काय झालं हे लिहून ठेवल्याशिवाय त्यांना फॉल्ट शोधता येत नसे. त्यांनी रकाने आखले. किती वाजता सुरू, किती वाजता बंद, तेव्हा काय चाललं होतं, कुठे उभे होतो. वही दाखवत ते मला म्हणाले, "बंद व्हायच्या आधी वरून एक इंग्रजी पट्टी येते. हे काय लिहिलेलं असतं?" त्यांनी पट्टीवरची अक्षरं एकेक करून, चित्र काढावं तशी, वहीत उतरवून घेतली होती. मर्यादा संपली आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

मी म्हणालो, "जाहिरात आहे ती. अंगठ्यानं बाजूला सारायची."

"रोज एकच जाहिरात?"

"असतात तशा."

त्यांनी वहीत त्या अक्षरांसमोर लिहिलं, जाहिरात.

मग मी त्यांना गच्चीवर पाठवलं. "वर मोकळं असतं, तिथे पकडेल," असं म्हणालो. मे लागला होता. दादांचे गुडघे खांबांनी केव्हाच खाल्लेले. तरी रोज सकाळी दहाच्या सुमाराला ते गच्चीवर जायचे, कधी पाण्याच्या टाकीशी, कधी कठड्याशी, फोन डोक्यावर धरून फिरायचे. खालच्या मजल्यावरचा एक गृहस्थ मला जिन्यात म्हणाला, "तुमच्या वडिलांना आम्ही आता टॉवरच म्हणतो." मी हसलो. त्याच्यापेक्षा जास्त हसलो.

एक दिवस कारखान्यात शेजारच्या बाईंचा फोन आला. दादांना गच्चीवर चक्कर आली होती. टाकीच्या सावलीत बसलेले त्यांना सापडले. त्यांनी धरून खाली आणलं, लिंबूपाणी दिलं. मी हाफ डे टाकून घरी आलो आणि बाईंच्या समोर दादांना म्हणालो, "मोबाइलसाठी एवढ्या उन्हात कोणी वर जातं का? लहान आहात का तुम्ही?"

दादा माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यांना आठवत होतं की वर कोणी पाठवलं.

बाई दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "रागवू नका त्यांना. ते मित्राला फोन लावत होते. त्या मित्राला लकव्यानंतर बोलता येत नाही म्हणे. नुसतं तोंड दिसलं तरी त्याला बरं वाटतं. साध्या फोनवर काय करणार तो?"

तेव्हा मला समजलं की खोलीतून येणारं ते तासभराचं बोलणं एकट्या दादांचं होतं. पलीकडून कधी आवाज आलाच नव्हता, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. सटाण्याच्या पुढे एका खेड्यात राहणारा त्यांचा जोडीदार, तीस वर्षं ज्याच्याबरोबर ते एकाच शिडीवर काम करत होते, तो खाटेवर पडून त्यांच्याकडे बघत असायचा. त्याची सून उशीला टेकवून फोन धरायची.

कोणालाही वाटेल की त्याच संध्याकाळी मी ती मर्यादा काढली असेल. मी काढली नाही. एकदम सगळं सुरळीत झालं असतं तर मला काहीतरी सांगावं लागलं असतं, असं मी स्वतःला पटवलं. बायकोला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, "पुरे झालं आता. काढून टाका." मी म्हणालो, "काढतो." आणि काढण्याऐवजी शनिवारी दादांना गाडीत बसवून नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या मोबाइल कंपनीच्या दुकानात घेऊन गेलो, सिम बदलायला. दोष कशात आहे हे ठाऊक असताना मी त्यांना तिथे नेलं. रांगेत सव्वा तास उभं केलं.

काउंटरवर एक मुलगी होती. नवीन सिमसाठी अंगठा लावायचा होता. दादांचा अंगठा मशीन घेईना. तार ओढून ओढून आणि एकदा भाजल्यामुळे त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्यात. मुलीनं दहाही बोटं एकेक करून लावून बघितली. म्हणाली, "आजोबा, हात धुऊन या." ते धुऊन आले. ती म्हणाली, "अजून घासून धुवा." मागचे लोक च्च करायला लागले. एकजण म्हणाला, "अहो, घरी बसवा ना त्यांना." दादा शर्टाला बोट पुसत होते आणि पुन्हा पुन्हा काचेवर ठेवत होते. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर मशीनचा दिवा हिरवा झाला.

नवीन सिम संध्याकाळी सुरू झालं. मर्यादा जुन्या सिमवर होती, त्यामुळे नेट सुसाट पळायला लागलं. रविवारी दादा इतके खूश होते की त्यांनी खाली जाऊन स्वतः जिलेबी आणली. शेजारच्या बाईंनाही दिली. मित्राला फोन लावला तर सुनेनं उचलून सांगितलं की ते झोपलेत. मग दादांनी ग्रुपवर निरोप टाकला. सिमच खराब होतं, आता कोणतीही अडचण नाही. आणि शेवटी म्हणाले, "पोराला हे आधी सुचलं नाही. कारखान्यात काय तपासतो कोण जाणे." बहिणीनं त्यावर हसणारे चेहरे पाठवले. आत्यानंही.

सोमवारी सकाळी ते अंघोळीला गेल्यावर मी नव्या सिमला पन्नास एमबी लावले.

त्यानंतर दादांनी मला काही विचारलं नाही. मी घरी आलो की ते दारात नसायचे. वही मात्र भरत होती. आठ दिवसांनी, जेवण झाल्यावर, त्यांनी ती ताटाच्या जागी माझ्यासमोर ठेवली.

"बघ. ज्या दिवशी व्हिडिओ लावला, सात मिनिटांत बंद. ज्या दिवशी नुसते मेसेज वाचले, दुपारी तीनपर्यंत चाललं. एक दिवस फोनला हातच लावला नाही, तर संध्याकाळी चालूच होतं. गच्चीवर नेलं तरी तेच, खोलीत बसलं तरी तेच. सिम नवं, तरी तेच." त्यांनी बोट फिरवत एकेक ओळ दाखवली. "लाइनचा फॉल्ट असा मापात वागत नाही. लोड वाढला की तुटतं आणि ठरल्या जागीच तुटतं, याचा अर्थ मधे कोणीतरी फ्यूज बसवलाय."

बायको उठून ओट्याकडे गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुऊ लागली.

"माझा फोन माझ्याशिवाय कोण हातात घेतं?" दादांनी विचारलं.

मी म्हणालो, "कोणी नाही."

"बरं," ते म्हणाले आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी ते एकटे रिक्षानं द्वारकेला गेले. संध्याकाळी त्यांनी मला बसवलं आणि दुकानात काय झालं ते अगदी सपाट आवाजात सांगितलं. तीच मुलगी होती. त्यांनी वहीतली ती इंग्रजी अक्षरं तिला दाखवली. तिनं फोन घेतला, अर्ध्या मिनिटात ती जागा उघडली आणि हसून म्हणाली, "आजोबा, हे कंपनीकडून नाही. तुमच्या घरच्यांनीच लावलंय. लहान मुलांच्या फोनला लावतात ना, तसं." शेजारच्या काउंटरवरच्या पोरीलाही तिनं ते दाखवलं.

"मी तिला सांगितलं, माझ्याच हातून झालं असेल," दादा म्हणाले. "तुला तिथं कोण ओळखतं? पण सांगितलं."

मी थर्मासबद्दल बोललो. आत्या काय म्हणाली, बायको कशी रडली, ते सगळं एका दमात बोललो. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "मला सांगायचं होतंस. मी तो निरोप खोडला असता." थोड्या वेळानं म्हणाले, "तू लहान होतास तेव्हा मी तुला मारलं. त्याचं असेल तर तसं सांग."

खरंच त्याचं होतं की नाही हे मला तेव्हाही कळत नव्हतं.

दुकानातल्या मुलीनं मर्यादा काढल्यावर नेट आता चालू होतं, पण मित्र फोनवर येईना. रोज सून म्हणायची, झोपलेत, जेवताहेत. चौथ्या दिवशी तिनं खरं ते सांगितलं. मधले कितीतरी दिवस फोन सहा-सात मिनिटांतच तुटायचा, दादा बोलता बोलता गायब व्हायचे. म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं की समोरच्याला कंटाळा आलाय, म्हणून तो ठेवून देतो. आता फोन समोर धरला की ते भिंतीकडे तोंड फिरवतात.

दादा म्हणाले, "मला तिकडे सोड."

रविवारी मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो. अडीच-तीन तासांच्या रस्त्यात ते खिडकीबाहेर तारांकडे बघत होते. मित्राचं घर वस्तीवर, ओसरीत खाट टाकलेली. आम्ही गेलो तेव्हा त्यानं खरोखरच तोंड फिरवलं. दादा खाटेच्या त्या बाजूला गेले, भिंत आणि खाट यांच्यामधल्या वीतभर जागेत कसेबसे घुसून खाली बसले, म्हणजे त्याला दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही. सुनेनं माझ्या हातात चहा दिला. घरातली सगळी माणसं ओसरीत येऊन उभी होती.

मग दादांनी हात वर करून मला दाखवलं. म्हणाले, "हाऊ मन्हा पोऱ्या. यानीच बंद करेल व्हतं."

कपातला चहा पिण्याइतका थंड झाला नव्हता आणि ठेवायला जवळ काही नव्हतं. मी तो धरून उभा राहिलो. मित्राची मान हळूहळू माझ्याकडे वळली. एका बाजूनं उतरलेला चेहरा, पण डोळे अगदी जागे. त्यानं माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि त्याच्या घशातून एक आवाज आला. दोन-तीनदा आला.

सून म्हणाली, "हसताय ते." मग घरातली बाकीचीही हसली, आणि दादाही. दादांना तसं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

दुपारी मी निघायचं म्हणालो तेव्हा दादा म्हणाले, "तू नीघ. मी आठ दिवस राहतो, मग कळवणला पोरीकडे जाईन." त्यांची पिशवी त्यांनी आधीच भरून आणलेली होती. मला वाटलं होतं तिच्यात मित्रासाठी काही असेल.

ते परत आले नाहीत. बाकीचे कपडे बहीण येऊन घेऊन गेली. तिला काय झालं ते माहीत होतं की नाही, तिनं दाखवलं नाही. पाणीसुद्धा उभ्यानंच प्यायली. ग्रुपवर दादांचे निरोप रोज पहाटे येतात. बहिणीच्या कांद्याचं, पावसाचं, मित्राच्या तब्येतीचं. माझ्याविषयी ते काहीच बोललेले नाहीत, चांगलं ना वाईट. आत्यानं एकदा ग्रुपवर विचारलं, पोराकडे कधी जाणार? त्यावर त्यांनी कांद्याच्या चाळीचा फोटो टाकला.

दिवाळीच्या आधी मी धीर करून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी उचलला, पण फोन बहुधा खाटेवर उताणा ठेवून दिला. मला बहिणीच्या घरातलं छत दिसत होतं, पत्र्याच्या खालची लाकडं आणि फिरणारा पंखा.

"दादा, तुम्ही दिसत नाही."

"हां."

"फोन जरा हातात धरा ना."

"हात भरलेत," ते म्हणाले. "बोल."

मी पंख्याशी बोललो. कारखान्यात काय चाललंय ते सांगितलं, बायको तुमची आठवण काढते म्हणालो. ते मधे मधे हां म्हणत होते. नेट एकदाही तुटलं नाही.